शेऱ्याचा रकाना

"मॅडम, आमच्याबद्दल तुम्ही त्या कपाटात जे लिहून ठेवता, ते आमाले पाहाता येते काय?"

प्रश्न सायमाचा होता, हिंमत माझी होती. पैज अशी, की मुख्याध्यापिकेच्या खोलीत जायचं आणि मान खाली न घालता हे वाक्य शेवटपर्यंत बोलायचं. हरले तर आठवडाभर सायमाची सायकल पुसायची. एटापल्लीच्या रस्त्यावर सूरजागडच्या लोहखाणीच्या गाड्यांमागून आलेली सायकल पुसणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. आठवीतली मी असते तर गुपचूप फडकं हातात घेतलं असतं. पण आता मी बारावीत होते, जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले होते आणि मला माझाच आवाज फार आवडायला लागला होता.

निशात मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोणाचं पाहाचं आहे?"

"माझं."

"काऊन?"

याची तयारी आम्ही केलीच नव्हती. "माझं आहे म्हणून," मी म्हणाले.

वाटलं, आता हाकलतील. मॅडमनी पर्समधून किल्ली काढली, लोखंडी कपाट उघडलं आणि सुपाएवढं एक रजिस्टर दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणलं. दाखल-खारीज. मग दाराकडे न बघताच म्हणाल्या, "सायमा, तू बाहेर."

"मॅडम, मी तं हिची मैत्रीण हाव."

"म्हणूनच बाहेर."

खणातून त्यांनी एक पुठ्ठा काढला. जुन्या कॅलेंडरचा असावा. मधोमध एक लांबट फट कापलेली. तो पानावर ठेवून त्या खाली खाली सरकवत आल्या आणि थांबल्या. फटीत एकच ओळ. वरची मुलगी झाकलेली, खालचा मुलगा झाकलेला, आणि मधे मी. रंजीता सुकलू पुंगाटी. आईचं नाव. जमात माडिया. जन्मगाव. जन्मतारीख आकड्यात आणि परत अक्षरात. आधीची शाळा. वर्तणूक: चांगली.

मी बोलायची थांबले. हे माझ्या बाबतीत फार क्वचित होतं. सतरा वर्षांची मी, माझी दोन गावं, तापात गेलेला एक पावसाळा, वसतिगृहातलं ते रडणं, सगळं या एका ओळीच्या मागे उभं होतं, आणि ती ओळ कोणीतरी न थांबता, ओळीबाहेर न जाता लिहिली होती. मी नव्हते तेव्हाही मी इथं कपाटात होते.

"हा शेवटचा रकाना रिकामा काऊन आहे, मॅडम?"

"शेरा. तू शाळा सोडशील तवा भरतात."

"माझ्या आजाचंही असं पान असेल काय? चौथी शिकला आहे तो."

"असंल ना. त्याच्या शाळेत. जिवंत आहेत?"

"हो जी."

"मग त्यांची सही आणा लागंल. हे कपाट माझ्या ताब्यात आहे, पण माझं नाई. तुझी ओळ तुले. त्यांची ओळ, त्यांले विचारून. माझ्याकडं रोज कोणी ना कोणी येते, हिचे मार्क सांगा, तिची तारीख सांगा. कोण तुम्ही? तं म्हणे काका. मी म्हणतो, काका असा, कलेक्टर असा, पोरीची सही आणा."

मी बाहेर आले ती जमिनीवर नव्हतेच. सायमानं विचारलं, काय लिहिलं होतं? मी म्हणाले, "तुझं तू पाह्य." पैज जिंकल्याचं सुद्धा मला संध्याकाळी आठवलं.

आजाच्या पानाची गरज मला खरोखरच होती. वनशास्त्राच्या पदवीला जायचं तर जमात पडताळणीचं प्रमाणपत्र पाहिजे, आणि पडताळणी समितीला पाहिजे जुना कागद. जितका जुना तितका वजनदार. आमच्या घरात सगळ्यांत जुना कागद म्हणजे आजाची चौथी. प्रस्ताव शाळेतून पुढच्या शुक्रवारपर्यंत जायचा होता.

आणि आजा सही देत नव्हता.

पत्रू पुंगाटी, माझा आजा, लाकूड डेपोवर एकतीस वर्षं चौकीदार होता. सही करताना तो मातीत पक्षी काढल्यासारखा एका दमात पेन फिरवतो, मधे थांबत नाही. मी अर्ज पुढे केला तेव्हा त्यानं तो वाचल्यासारखा धरला, घडी केली आणि माझ्याच हातात दिला.

"शाळेतलं शाळेत राहू दे, पोरी."

एवढंच.

*

रविवारी जुन्या गावी, आजाच्या अंगणात, वंशावळ लिहायला माणसं जमली. समितीला तीही लागते: कोण कोणाचा, चार पिढ्या, शपथेवर. धान चुरून झालं होतं, खळ्यावर भाताच्या तणसाचा ढीग होता, आणि अंगणात बाजेवर चंदन काका मोठा पांढरा कागद पसरून बसला होता. आमच्या घरात अर्धं बोलणं माडियात होतं आणि अर्धं मराठीत. कागद निघाला की सगळेच मराठीत येतात.

"लिहा," काका म्हणाला. "पत्रू. जन्म एक जुलै. त्याचा मोठा पोरगा सुकलू. एक जुलै. दुसरा मी, चंदन. एक जुलै."

"सगळेच एक जुलै?" मी विचारलं.

"गुरुजी जो दिवस लिहीन तो आपला जन्म. एकाच दिवशी सारं खानदान पैदा झालं, दाईचा केवढा तरास वाचला!"

सगळे हसले. माय चहाचे पेले घेऊन आली होती. ती कागदावर वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"चंदन भाऊ, या झाडाले निरे बाप्येच लागले काय? बुधरी आत्या कुठी आहे?"

"बायकांचं नाव टाका लागत नाई, वैनी. त्या लग्न करून जातात."

"ह्या तं गेल्या अन् दोन वर्षात वापस आल्या. पन्नास वर्षांपासून याच अंगणात हायेत."

बुधरी आजी म्हणजे आजाची धाकटी बहीण. ती भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही. "राहू दे वं सुनबाई. मी कागदावर कवाच नव्हती."

 बाबा एसटीत वाहक आहेत. दिवसभर लोकांशी बोलून घरी आले की मुके होतात. पण आजाकडे बघत होते, मी पाहिलं. आजा कागदाकडे बघत नव्हता.

चंदन काकाबद्दल आता सांगते, कारण पुढं सगळे त्याच्यावर तुटून पडले. काका धावण्यात तालुक्यात पहिला होता. पोलीस भरतीत मैदान मारलं, लेखी मारली आणि पडताळणीचा कागद वेळेत नाही म्हणून घरी आला. बावीस वर्षांचा होता. आता जीप चालवतो. त्या दिवशी त्याच्या मनात एवढंच होतं, की पोरीचं आपल्यासारखं नको व्हायला. आजा सही देत नाही हे कळल्यावर त्यानं जुन्या गावच्या शाळेतल्या ओळखीच्या माणसाला एक फोन केला. दहा मिनिटांत पानाचा फोटो मोबाईलवर. काकाला स्वतःचा अभिमान वाटला, आणि खरं सांगू, ऐकल्यावर मलाही वाटला.

"आता मोबाईल काढा सारे," तो म्हणाला. "पुंगाटी परिवार ग्रुपवर पाहा."

टिंग. टिंग. अंगणात सात-आठ मोबाईल वाजले. ग्रुपवर एक्केचाळीस माणसं होती, सोयऱ्यांसकट.

पान पिवळं पडलेलं, कडा खाल्लेल्या, आणि ओळ काळी कुळकुळीत. मी अंगठा नि बोट ताणून ती मोठी केली. आणि मी, वक्तृत्वाची दुसरी, बाजेवर उभी राहिले.

"ऐका! पत्रू. जमात माडिया गोंड. दाखल एकोणीसशे साठ. चौथी उत्तीर्ण, चौसष्ट. शेरा: हजेरी उत्तम. अक्षर सुरेख. गाणी म्हणतो."

"दादा अन् गाणी!" कोणीतरी ओरडलं. "बैलाले हाक मारते तं बैल पळते!"

हशा झाला. आजानं पेला खाली ठेवला. मी तेव्हा थांबायला पाहिजे होतं. माझ्या पुढच्या शब्दाआधी माझ्या डोळ्यांनी ती ओळ वाचली होती, अर्धा क्षण होता माझ्याकडे, पण आवाज सुरू झाला की मला थांबवता येत नाही.

"खाली बारीक अक्षरात अजून आहे. 'प्रत्यक्षात या नावावर मुलाची धाकटी बहीण बुधरी ही शाळेत येते. तिचे नाव स्वतंत्र दाखल करण्याबद्दल वरिष्ठांस तीन वेळा लिहिले. उत्तर नाही. बापूराव, शिक्षक.'"

शेंगा सोलायचा आवाज थांबला.

आजा उठला. "मी बैल पाहून येतो," म्हणाला. बैल तर समोरच बांधलेले होते. तो त्यांच्या बाजूनं चालत खळ्याकडे निघून गेला.

*

"हे कापून टाकू," काका पहिला बोलला. "शेऱ्याचा रकाना कापायचा, वरची ओळ झेरॉक्स मारायची. कोण पाहाते?"

"समितीचं दक्षता पथक पाहाते," बाबा म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य. "शाळेत जाऊन मूळ पान काढते. मग घरी येते. मग बाबांले विचारते, चौथी कोणाची? मग डेपोले विचारते, नोकरी कशावर देल्ली? पेन्शन कशावर?"

"सत्तर वर्षांच्या माणसाची पेन्शन कोण काढून घेते बे, दादा?"

"तुले माहीत आहे नाई काढत म्हणून? लिहून देशील काय?"

"मी पोरीसाठी केलं!"

"पोरीनं सांगतलं व्हतं? बाबांनी सही देल्ली व्हती?"

 मग माय माझ्याकडे वळली. मायचा राग मला माहीत आहे, हा तो नव्हता. हळू आवाजात म्हणाली, "अन् तुले वाचाले कोणी सांगतलं व्हतं?"

मी अजून बाजेवरच उभी होते. खाली कसं उतरायचं ते कळत नव्हतं.

"तो मोबाईल इकडं आण," बुधरी आजी म्हणाली.

आम्हाला वाटायचं ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात थोडंफार शिकली. बसची पाटी वाचते, औषधाच्या गोळीवरची तारीख वाचते. मी उतरून मोबाईल तिच्या हातात दिला. तिच्या बोटांना शेंगांची लव लागलेली, काच ऐकत नव्हती. ती बोट ओढायची, पान पळून जायचं. मग मी तिचा अंगठा आणि बोट धरून ताणायला शिकवलं, आणि अक्षरं मोठी होत तिच्या समोर आली.

ती वाचत होती. ओठ हलत नव्हते. गुरुजींचं ते जुनं, वळणदार, जोडाक्षरांनी भरलेलं अक्षर, जे मलाच दोनदा अडलं होतं, ते ती एकदाही न अडता वाचत शेवटापर्यंत गेली. परत वर आली. परत शेवटापर्यंत. मी तिच्या डोळ्यांची बुबुळं डावीकडून उजवीकडे जाताना बघत होते आणि मला असं वाटत होतं, की या घराला अजून एक खोली आहे आणि मी सतरा वर्षं तिच्या दारावरून ये-जा केली.

"तीन डाव लिहिलं," ती म्हणाली. "त्याले माहीत व्हतं."

"कोणाले, आजी?"

"गुरुजीले. मले वाटे, मी त्याले फसवलं."

मग तिनं सांगितलं. 

गुरुजी आला तेव्हा गावातल्या पोरांची नावं लिहून घेतली. पत्रूचं पण लिहिलं. दुसऱ्या दिवशी पत्रू ढोरं घेऊन जंगलात. बुधरी लहान भावाला कडेवर घेऊन शाळेच्या दारात उभी. गुरुजीनं हजेरी घेतली, पत्रू म्हणून हाक मारली. कोणी बोललं नाही. परत हाक मारली. तिला वाटलं, कोणी बोललं नाही तर हा माणूस उद्या निघून जाईल. मागचा तसाच गेला होता. ती म्हणाली, हजर.

"खरूज झाली व्हती म्हणून मायनं केस काढले व्हते माझे. तं चाललं. दादाले सांगतलं, तू जंगल सांभाळ, मी हे सांभाळतो. चार वर्षं. चौथीच्या परीक्षेले नदी पार केली, अकरा कोस. पेपरावर पत्रू लिहिलं. पहिली आली मी त्या केंद्रात." ती थोडं हसली. "दाखला देल्ला तवा गुरुजीनं दादाले बोलावलं नाई. माझ्या हातात देल्ला. म्हणे, जपून ने. मले वाटलं, पोरगं वाटेत हरवून टाकीन म्हणून म्हणते. आता समजून राह्यलं."

तिच्या मांडीवर मोबाईलचा उजेड विझला. तिनं तो मला परत दिला.

"रंजी."

"हो आजी."

"साठ वर्षं हे माझ्याजवळ व्हतं. सांगाचं असतं तं मी सांगतलं असतं. तुले आवाज चांगला आहे म्हणून माझ्या तोंडातलं काढून घेशील काय?"

निशात मॅडमची खोली मला आठवली. तीन दिवसांपूर्वी तिथं मी एका पुठ्ठ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होते, आणि इथं बाजेवर उभं राहून मी सगळं पानच उघडं केलं होतं. माझ्या ओळीचं मला एवढं कौतुक, आणि दुसऱ्याच्या ओळीचं काहीच नाही.

 मग मी काकाकडे गेले.

"काका, ग्रुपमधून काढा. सगळ्यांसाठी डिलीट करा."

"अवं पण..."

"काढा, काका."

त्यानं काढलं. मग मी अंगणातल्या एकेकाजवळ गेले. गॅलरी उघडा. फोटो दाखवा. काढा. आता कचऱ्यातूनही काढा. डोमा मामानं तेवढ्यात आपल्या साळ्याला धाडून दिला होता.

"अवं, मी काय चोरी केली काय?"

"मामा, फोन लावा त्याले. स्पीकरवर लावा."

त्यानं लावला. साळा पलीकडून म्हणत होता, "काढतो ना बाई, काढतो, काय बाँब आहे काय त्याच्यात?" माय माझ्या मागे मागे फिरत होती. चवथ्या की पाचव्या मोबाईलला तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, काढला नाही.

*

खळ्यावर आजा तणसाला टेकून बसला होता. बुधरी आजी त्याच्यासमोर जाऊन बसली. मी मागे उभी राहिले. तिनंच "ये" म्हटलं म्हणून.

"दादा, गुरुजीले माहीत व्हतं."

"आयकलं मी."

"तुले राग आला काय?"

"मले कायचा राग? लाज आली." आजा माझ्याकडे बघत म्हणाला. "डेपोवर गाडीचे नंबर लिहाचे असत, पोरी. ही डबा घेऊन ये. मी नंबर लक्षात ठेवो, ही लिहून दे. एकतीस वर्षं. साहेब म्हणे, पत्रू, तुझं अक्षर काय सुंदर आहे! मी मान हलवो."

 एकतीस वर्षं. रोज चार कोस चालत येणारा तो डबा मला दिसत होता.

आजानं हात पुढे केला. "आण तो अर्ज. सही देतो. पेन्शन गेली तं जाऊ दे, पोरगी साहेब होईल."

"नाई," आजी म्हणाली.

"काऊन नाई?"

"चौथी माझी व्हती. मी तुले देल्ली. देल्लेलं असं चौकशीवाल्याच्या पुढं मांडाले देल्लं नव्हतं. त्या नोकरीवर सुकलू शिकला, चंदन वाढला. नवऱ्यानं हाकलली तवा मी त्याच नोकरीच्या घरात वापस आली. तुझ्या एकट्याची नव्हती ते, मी कायले कोणाले तोडू देऊ?"

"मग पोरीचं?"

 प्रश्न माझा होता आणि त्या दोघांपैकी कोणीही तो माझ्या अंगावर टाकत नव्हतं. तसं त्यांनी टाकलं असतं तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं आजी म्हणाली, "मले एक डाव ते पान पाह्यचं आहे. मोबाईलमधलं नाई. खरं."

*

सोमवारी आम्ही पाच जण जुन्या गावच्या शाळेत गेलो: आजा, आजी, माय, बाबा, मी. मुख्याध्यापक इसरू सर नवीन होते. फोटोचं ऐकून त्यांचा चेहरा पडला. "माझ्या कपाटातून गेला? माझ्या मागं?" ते दोनदा म्हणाले, आणि किल्ली टेबलाच्या खणातून उचलून खिशात घातली. मग आजाला खुर्ची दिली. "तुमची नोंद, बाबाजी. पाहाचा हक्क तुमचा. इथं सही करा."

आजानं सही केली. एका दमात, पक्षी. मग म्हणाला, "माझ्यासोबत ही पाहीन. माझी परवानगी आहे."

माय-बाबा आपणहून बाहेर थांबले.

रजिस्टर कापडात बांधलेलं होतं. गाठ सुटली तेव्हा जुन्या कागदाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. सरांनी पान उघडलं आणि तेही मागे सरले. मी दाराशीच थांबले. माझी परवानगी कोणी मागितली नव्हती आणि मीही मागितली नव्हती. पण तिथूनही मला दिसत होतं.

बुधरी आजीनं हात लुगड्याला पुसले. बोट ओळीवर ठेवलं नाही, ओळीच्या वर हवेत धरलं आणि हळूहळू पुढे नेलं. शेवटच्या रकान्याशी ते थांबलं. तिथं बारीक अक्षरात, साठ वर्षं, कोणी वाचलं नसलं तरी, ती होती. बुधरी. सरकारी पुस्तकात, शिक्षकाच्या हातचं. एक माणूस तीन वेळा उत्तराची वाट बघून थकला आणि त्यानं ते अशा जागी लिहिलं जिथून कोणाला खोडता येणार नव्हतं. मी जंगलात मोठे साग पाहिलेत, भामरागडला तीन नद्या एकत्र येताना पाहिल्यात. पण एवढ्याशा जागेत एवढं मोठं काही मावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"दादा," आजी म्हणाली, "शाई नाई उडाली."

आजानं मान हलवली. मग त्यानं, ज्याला एक अक्षर वाचता येत नाही त्यानं, तिला विचारलं, "कुठी आहे तुझं नाव? दाखव." आणि तिनं त्याचं बोट धरून त्या जागी नेलं.

निघताना सरांनी शिक्क्याचा उतारा तयार करून आजाच्या हातात दिला. "सगळ्या रकान्यांसकट आहे. अर्धा उतारा मले देता येत नाई." आजानं तो दाराशी माझ्यापुढे धरला. घे म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. आजीनं यावेळी नाही म्हटलं नाही; ती फक्त माझ्याकडे बघत होती. काल ज्या डोळ्यांनी ते पान वाचलं, त्याच डोळ्यांनी.

मी उतारा घेतला. गरम होता अजून, झेरॉक्समधून आलेला. त्याच्यावर शिक्का होता, तारीख होती, जमात होती. समितीला पाहिजे ते सगळं होतं. मी त्याची नीट घडी केली आणि बुधरी आजीच्या हातात दिली.

"हे तुझं, आजी. कोणाले दाखवाचं ते तू पाह्य."

बाहेर बाबा गाडीला टेकून उभे होते, मायच्या हातात प्रस्तावाची फाईल होती, प्लास्टिकची, निळी. तिनं ती उघडी धरली होती, कागद आत सरकवायला. मी समोर जाऊन उभी राहिले. वक्तृत्वाचा आवाज आला नाही. साधाच आला.

"बाबा, माय, मी ठरवलं आहे. आजाचं पान मी लावत नाई. बाबा, तुमचा दाखला लावतो, तुमच्या सहीनं. माझा लावतो, माझ्या सहीनं. समितीले कमी पडलं तं बोलावू द्या मले, मी जाऊन उभी राहातो, काय विचाराचं ते मले विचारा म्हणतो. अन् नाईच झालं, सीट गेली, तं जाऊ द्या. मी एक वर्ष थांबतो, परत भरतो. पण त्या दोघांले विचारल्याशिवाय उघडलेल्या पानावर मी कॉलेजात जात नाई. फाईल बंद कर, माय."